वाळवीवर लवंग, वाळा, गवती चहाची तेलं: कुठे चालतात आणि कुठे पैसे वाया जातात

तेल आणायच्या आधी एक बघा, तुमच्याकडची वाळवी मातीतून वर आलीय का लाकडातच घर करून बसलीय. बाकी सगळं यावरच ठरतं आणि व्हिडिओवाले नेमकं हेच सांगत नाहीत, तिथे थेट बाटली हातात, चार थेंब पाण्यात, फवारा मारला की झालं काम. अहो पण जिची राणी बाथरूमच्या मागे जमिनीत खोल बसलीय आणि रोज हजारो अंडी घालतेय तिच्यापर्यंत तुमच्या फवाऱ्याचा वाससुद्धा पोचत नाही.

मातीतली वाळवी ओळखणं सोपं आहे. भिंतीवर, चौकटीच्या कडेने, कपाटाच्या मागे मातीची रेघ दिसते, पेन्सिलीएवढी जाड, कधी त्याहून बारीक. तो तिचा झाकलेला रस्ता, कारण तिला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत बोगदा बांधत येते आणि ओलावा सोबत घेऊन येते. आपल्याकडे घरात शिरते ती बहुतेक वेळा हीच. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून निश्चिंत राहू नका, डक्टमधून, वायरच्या पाइपातून, भिंतीच्या पोटातून ती आरामात वर चढते.

दुसरी ती कोरड्या लाकडातली, हिला ड्रायवूड वाळवी म्हणतात. ही मातीशी संबंधच ठेवत नाही, सगळं कुटुंब त्या एका खुर्चीत नाहीतर एका फळीत राहतं. मातीची रेघ नसते, पण खाली खसखशीएवढे कडक दाणे पडलेले दिसतात, भिंगातून बघितलं तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात, ती तिची विष्ठा. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट किनाऱ्याकडे हिची शक्यता जास्त.

आणि तिसरं म्हणजे जी वाळवी नाहीच. बांबूला, प्लायला, स्वस्तातल्या लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली टाल्कम पावडरइतका बारीक भुगा, हा भुंगा. लोक यालाही वाळवीच म्हणतात. याच्यावर पण तेल सिरिंजने भरता येतं पण रेघा शोधत बसू नका, सापडणार नाहीत.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात ते वाळवीचेच असतात का, तर बऱ्याचदा हो. मुंग्यांनाही पंख फुटतात म्हणून एक उचलून बघा, वाळवी असेल तर चारही पंख सारख्याच लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. बाहेरून दिव्याला आले असतील तर घाबरण्यासारखं काही नाही, दिवा बंद करा. पण खिडक्या बंद असताना घरातल्याच एखाद्या फटीतून निघाले आणि सकाळी तिथेच पंखांचा ढीग पडला असेल तर मग जागा आताच बघून ठेवा.

आता रेघ दिसली की सगळी खरवडून टाकायची नाही. मध्येच दोन बोटं रुंद एवढा तुकडा तोडा, बाजूला पेन्सिलने खूण करा, मोबाईलवर फोटो काढा आणि पाचसहा दिवस थांबा. ओली माती लावून परत जोडली असेल तर रस्ता चालू आहे. नसेल तर रस्ता सोडलेला असू शकतो, पण त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाजूलाही एकदा बघून या, तिथून नवीन काढलेला असू शकतो. लाकडावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा, पोकळ आवाज आला तर तिथे टोक दाबून बघा. वरचा पापुद्रा शाबूत आणि आत काही नाही असं फार वेळा निघतं.

मग तेलांचं काय. अमेरिकेत लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००१ मध्ये आठ तेलं फोर्मोसन वाळवीवर तपासली होती, ही मातीतली वाळवी, न्यू ऑर्लिन्स शहराला तिने जाम छळलंय. वाळा, लवंग, दालचिनीच्या जातीतलं कॅशिया, देवदार, दोन प्रकारची निलगिरी, गवती चहा आणि जिरॅनियम अशी ती आठ. मारण्यात लवंग सगळ्यात पुढे, पुरेसा डोस असेल तर दोन दिवसात सगळ्या मेल्या. पण जास्त काळ टिकण्यात वाळा पुढे, वाळूत अगदी थोडं वाळ्याचं तेल मिसळलं तरी वाळवी त्यातून बोगदा काढायला तयार होईना. आणि एक काम की बात म्हणजे जे तेल लवकर उडून जातं त्याचा परिणाम कमी. निलगिरी भसकन उडते म्हणून ती मागे. आता आपल्याकडे प्रत्येक घरात निलगिरीचीच बाटली असते आणि लोक तीच फवारतात, वास जोरात येतो म्हणून वाटतं काम पण जोरात चाललंय, आणि एकदोन दिवसात वास गेला की वाळवी परत कामाला.

माझं मत विचाराल तर घरात दोनच तेलं ठेवा, लवंग आणि वाळा, आणि परवडत नसेल तर वाळ्याच्या जागी देवदार. लवंग मारायला, वाळा किंवा देवदार टिकायला. गवती चहाचं तेल स्वस्त मिळतं, त्यात सिट्रल नावाचं किड्यांना नकोसं रसायन असतं, फवाऱ्यात भर म्हणून ठीक आहे. कोरड्या लाकडातल्या वाळवीला संत्र्याच्या सालीचं तेल, त्याचं सांगते खाली.

कडुनिंबाचं तेल, करंज तेल ही वेगळ्या गटातली. ती बियांतून घाण्यावर काढलेली, उडून जात नाहीत, लाकडात मुरतात आणि वाळवीला खायला नकोशी होतात. म्हणजे ती बेस म्हणून उत्तम, त्यातच लवंग-वाळा मिसळायचा. वास मात्र असा येतो की पाहुणे विचारतात घरात कोणाला बरं नाही का, त्यामुळे हॉलमधल्या फर्निचरला नको, माळ्यावर, कपाटाच्या पाठीला, कौलाखालच्या वाशा-रिपांना बिनधास्त लावा. कोकण-गोव्यात काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला आणि होड्यांना लावायची जुनी पद्धत आहे, ते काम करतं यात शंका नाही पण कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. ज्याला सवय नाही त्याने हात लावू नये.

विकत घेताना बाटलीवर नुसतं सुवासिक तेल, फ्रॅग्रन्स ऑइल, डिफ्यूझर ऑइल असं काही लिहिलं असेल तर ते परत ठेवा, तो वास आहे, औषध नाही. वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलेलं असावं, लवंगेचं सायझिजियम अरोमॅटिकम, वाळ्याचं व्हेटिव्हेरिया किंवा क्रायसोपोगॉन झिझॅनॉइडिस. लवंगेच्या पानांचं तेल कळीच्या तेलापेक्षा स्वस्त पडतं, त्यातही युजेनॉल, म्हणजे लवंगेतला मुख्य घटक, भरपूर असतो, आपल्याला काही दात दुखतो म्हणून लावायचं नाहीये, पानांचं चालतं. वाळ्याचं खरं तेल घट्ट असतं, बाटली उलटी केली तरी सावकाश उतरतं. पाण्यासारखं पातळ आणि स्वस्त असेल तर समजून जा.

आता फवारा. एक लिटर पाण्याला दहा मिली लवंग तेल, पाच मिली गवती चहाचं तेल आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड. हे घरगुती माप आहे, लॅबचं नाही. लिक्विड विसरलात तर तेल वर तरंगतं, पहिला फवारा नुसतं पाणी आणि शेवटचा नुसतं तेल असं होतं. आधी तेल आणि लिक्विड एका वाटीत चांगलं एकजीव करायचं, मग त्यात थोडं थोडं पाणी घालत जायचं, दुधासारखं पांढरट झालं पाहिजे, आणि मारताना पण मध्ये मध्ये बाटली हलवायची. हे फटीत, चौकट आणि भिंतीच्या सांध्यात, कपाटाच्या खालच्या बाजूला, माती खरवडून काढलेल्या जागेवर मारायचं. दिसणाऱ्या वाळव्या अंगावर पडलं की मरतात. पहिला महिना आठवड्यातून एकदा, नंतर महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्याच्या आधी एकदा नीट सगळीकडे. लाकूड भिजवायचं नाही हां, ओलावाच तर वाळवीला हवा असतो, कपड्याने जास्तीचं पुसून पंखा लावून वाळवा. इलेक्ट्रिकच्या बोर्डात, स्विचच्या मागे अजिबात फवारायचं नाही, तिथे रेघ गेली असेल तर मेन बंद करून वायरमनला बोलवा.

ब्रशने लावायचं मिश्रण कच्च्या लाकडासाठी, म्हणजे ज्याला पॉलिश, रंग, सनमायका काही नाही. पॉलिशवरून लावलं तर आत काहीच जात नाही आणि लवंग आणि संत्र्याची तेलं पॉलिश मऊ करतात ते वेगळंच, आधी कोपऱ्यात थेंबभर लावून एक रात्र बघा. शंभर मिली कडुनिंबाचं तेल, शंभर मिली टर्पेंटाईन, त्यात दहा मिली लवंग आणि पाच मिली वाळा किंवा देवदार. टर्पेंटाईनने पातळ होतं म्हणून खोल जातं, रंगाच्या दुकानात मिळतं. थंडीत कडुनिंबाचं तेल गोठतं, बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. दोन हात द्या, मध्ये एक दिवस जाऊ द्या. फळीच्या कापलेल्या टोकांना जास्त पाजा कारण लाकूड पितं ते टोकातूनच, आणि वाळवी पण बहुतेक तिथूनच शिरते. सागवान असेल तरी पांढरट भाग सोडू नका, सागाचा गाभा वाळवीला आवडत नाही, त्यात टेक्टोक्विनोन वगैरे असतं, पण बाहेरचा पांढरा भाग ती मजेत खाते, आणि आजकाल साग म्हणून मिळतं त्यात पांढरं किती असतं ते तुम्हाला माहीतच आहे. काही जण कडुनिंबाऐवजी जवसाचं तेल घेतात, घ्या, पण मग ते पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेटतात. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनिन असतं आणि कॅलिफोर्नियात ड्रायवूड वाळवीला हे सर्रास वापरतात, भोकं पाडून आत भरायचं. इथे तेल खरंच उपयोगी पडतं कारण सगळं बिऱ्हाड तुमच्या हाताशी असतं, जमिनीत कोणी राणी लपलेली नसते. दाणे पडतात त्याच्या वर एक बारीक भोक असतं, तिथून सुरुवात करायची. पोकळ आवाज येतो त्या पट्ट्यात तीन मिलीमीटरच्या बिटने वीतभरापेक्षा कमी अंतरावर भोकं पाडा, बिट अचानक सैल पडला की समजायचं त्यांच्या बोगद्यात गेला. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, पाणी न मिसळता नुसतं तेल हळूहळू आत सोडा, पलीकडच्या एखाद्या भोकातून बाहेर यायला लागलं की थांबा. चष्मा लावल्याशिवाय हे करू नका, दाबाने दुसऱ्याच भोकातून चिळकांडी उडते आणि बरोब्बर डोळ्याकडे येते. भोकं वूड फिलरने बुजवा, खालचे दाणे झाडून स्वच्छ करा आणि खाली पांढरा कागद घालून ठेवा. दोनतीन आठवड्यांनी कागदावर नवे दाणे दिसले तर आत कोणीतरी शिल्लक आहे, परत भरा. जिथे तेल पोचलं नाही तिथली वाळवी जिवंत राहते, हा या पद्धतीचा मोठा दोष. म्हणून लाकूड जाडजूड असेल, तुळई असेल तर हे घरी करत बसण्यात अर्थ नाही.

छोटी वस्तू असेल, पाट, फ्रेम, स्टूल, तर तेलाआधी ऊन वापरा. एप्रिल-मेच्या कडक उन्हात काळ्या प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून गच्चीवर दोनतीन दिवस ठेवा. लाकूड आतपर्यंत चटका बसेल इतकं तापलं पाहिजे. तडे जाऊ शकतात, आजीच्या देव्हाऱ्याला हे करू नका.

पुस्तकांना तेल लावायचं नाही, डाग कायमचे. पुस्तकं बाहेर काढून झटका, लागलेली वेगळी करा, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका नाहीतर दव सुटून पानं भिजतात. तेल लावायचं ते रिकाम्या शेल्फला, आणि शेल्फ भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आता जे कोणी करत नाही आणि ज्याने निम्मं काम होतं ते. वाळवी कुठे येते, तर जिथे ओल आहे. बाथरूमच्या भिंतीला टेकून कपाट आहे, आत पाइप गळतोय, तर लवंगेचं तेल लिटरने ओतलं तरी ती येणारच. आधी गळती काढा. पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर ठेवणं बंद करा, टीव्ही-मिक्सरचे रिकामे खोके माळ्यावर वर्षानुवर्षं जपून ठेवायची आपल्याला खोड आहे, वाळवीला त्याच्याइतकं आवडतं दुसरं काही नाही. गावच्या घरात दाराची चौकट थेट मातीत रोवलेली असेल, भिंतीला लाकडाचा ढीग लावलेला असेल, तर तो ढीग हलवा. भिंत आणि फरशीच्या फटी सिमेंटने भरा.

काळजीचं थोडं. मांजर असेल घरात तर लवंग, संत्रं, निलगिरी ही सगळीच जपून, मांजराच्या लिव्हरला ही तेलं पचवता येत नाहीत आणि ती पाय चाटतात, म्हणून लावलेली खोली पूर्ण वाळेपर्यंत बंद. पिंजऱ्यातले पक्षी आणि माशांची टाकी दुसऱ्या खोलीत हलवा. लहान मुलांच्या हाताला बाटली लागता कामा नये, निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं तरी दवाखाना गाठावा लागतो, नैसर्गिक आहे म्हणून बिनविषारी असं नसतं. घरात दमेकरी असेल तर त्या दिवशी त्यांना शेजारी पाठवा. हातमोजे घाला, आणि जवळ गॅस, देवाचा दिवा, उदबत्ती काही पेटलेलं नको. स्वयंपाकघराच्या ट्रॉलीला लावणार असाल तर डबे आधी काढा, तांदळाला लवंगेचा वास लागला की महिनाभर पुलाव खाताय असं वाटेल.

एवढं करूनही रेघा परत परत येत असतील, चौकटी पोकळ होत असतील किंवा तळमजला असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवाच. बांधलेल्या घरासाठी आयएस ६३१३ भाग ३ असं भारतीय मानक आहे, त्यात भिंतीच्या कडेने साधारण फुटाफुटावर बारा मिलीमीटरची भोकं पाडून औषध जमिनीत भरतात आणि भोकं बुजवतात. नुसतं चौकटीवर फवारून जाणारा असेल तर पैसे देऊ नका, ते तर तुम्हीच तेलाने केलं असतं. कुठलं औषध, किती लिटरला किती, आणि गॅरंटी किती वर्षांची हे लिहून घ्या.

आणि तो यायच्या आधी दोनतीन आठवडे तेलाला सुट्टी द्या. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल असल्या औषधांचा वास वाळवीला येत नाही, ती त्यातून बिनधास्त जाते, अंगाला लावून घेऊन घरी जाते आणि एकमेकींना भरवताना चाटताना बाकीच्यांना देते, तेव्हा कुठे वसाहत खलास होते. बेटच्या, म्हणजे विषारी आमिषाच्या, डब्यांचंही तेच, तिने येऊन खाल्लं पाहिजे. तुम्ही आसपास लवंग-वाळा मारून ठेवला असेल तर ती त्या बाजूला फिरकणारच नाही, भिंतीतून दुसरीकडे वळेल, आणि महागाचं औषध जिथल्या तिथे पडून राहील. मातीच्या रेघा पण तशाच राहू द्या, त्याला रस्ते दिसायला हवेत. त्याचं काम झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी कपाटं, शेल्फ, माळा यांना तेलाचा हात द्यायला हरकत नाही, फक्त त्याने भोकं पाडलेल्या कडेपासून लांब.

उरलेलं तेल काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवा. प्लास्टिकच्या पातळ बाटलीत संत्र्याचं तेल ठेवलं तर बाटलीच मऊ पडते, आणि थर्माकोलवर सांडलं तर थर्माकोल विरघळतं. पाणी मिसळलेला फवारा साठवू नका, दोन दिवसात फुटून वेगळा होतो, लागेल तेवढाच करा.